आर्मेनियाच्या वाइनची परंपरा अखंड नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील आर्मेनियाच्या द्राक्षबागांवरचा प्रवासलेख वाचला. या लहानशा देशाबद्दल मराठीत फारसे लिहिले जात नाही, म्हणून लेखाचे स्वागत. मात्र तेथील वाइनला ‘सहा हजार वर्षांची अखंड परंपरा’ आहे हे लेखातील विधान, आणि त्या कोरड्या डोंगराळ मुलखात जे साधले ते आपल्या अवर्षणप्रवण तालुक्यांतही साधेल ही शेवटची सूचना, दोन्ही तपासून घ्यायला हवीत.

प्राचीनतेबद्दल वाद नाही. वायोत्स झोर प्रांतात, आर्पा नदीकाठच्या आरेनी गावाजवळील गुहेत द्राक्षे पायांनी तुडवण्याचे मातीचे उथळ कुंड, त्यातला रस ज्यात उतरे तो जमिनीत पुरलेला रांजण, वाळलेल्या बिया आणि साली सापडल्या. २०११ मध्ये जाहीर झालेल्या या शोधाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ४१०० असा ठरवण्यात आला. गुहेतील कोरडी हवा आणि वर साचून कडक झालेला मेंढ्यांच्या लेंड्यांचा थर यांमुळेच अशा नाशिवंत वस्तू टिकल्या. साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा चामड्याचा जोडाही याच गुहेत मिळाला. मात्र जवळच दफने आढळल्याने ही वाइन अंत्यविधीसाठी केली जात असावी, असे संशोधकांना वाटते. शेजारच्या जॉर्जियात तर त्याहूनही जुन्या, सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांत वाइनचे अंश सापडल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा आरेनीचा मान सर्वांत जुन्या वाइननिर्मितीच्या जागेचा आहे, सर्वांत जुन्या वाइनचा नव्हे, आणि हा फरक लेखात राहून गेला आहे.

‘अखंड’ या शब्दाला मात्र माझा स्पष्ट आक्षेप आहे. १८८७ मध्ये नेर्सेस तायर्यान या व्यापाऱ्याने आजच्या राजधानीत, येरेवानमध्ये, वाइन आणि ब्रँडीचा कारखाना काढला. १८९९ मध्ये तो शुस्तोव्ह या रशियन उद्योजकाच्या हाती गेला आणि आर्मेनियाचे नाव ब्रँडीशी जोडले गेले. सोव्हिएत नियोजनात ही वाटणी पक्की झाली: जॉर्जियाने प्रामुख्याने वाइन करावी, आर्मेनियाने ब्रँडी. याचे परिणाम थेट शेतात दिसतात. ब्रँडीसाठी लागणारी वाइन पुढे ऊर्ध्वपातनात जाणार असते, त्यामुळे ती पांढऱ्या द्राक्षाची, आंबटसर आणि हलकी असली की भागते. वाणाचा रंग, सालीतला कस, अमुक एका उतारावरच्या मातीचा गुण यांना तेथे किंमत नसते, किंमत असते वजनाला. आपल्याकडे ज्यांनी बेदाण्यासाठी आणि निर्यातीसाठी अशा दोन्ही बागा केल्या आहेत, त्यांना माल कोठे जाणार यावरून वेलीची सारी निगा कशी बदलते, हे वेगळे सांगायला नको. आरेनी गावाच्याच नावाचे, जाड सालीचे काळे द्राक्ष या व्यवस्थेत मागे पडले, आणि कारास म्हणतात त्या मोठ्या रांजणांत वाइन मुरवण्याची रीत खेड्यांतल्या घरांपुरती उरली.

पुढचे घाव लागोपाठ बसले. १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी दारूविरोधी मोहीम सुरू केली आणि त्यात सोव्हिएत संघातील अनेक भागांत द्राक्षबागा उपटल्या गेल्या. १९९१ मध्ये स्वातंत्र्य आले, सामूहिक शेतांची जमीन लहान लहान तुकड्यांत कुटुंबांना वाटली गेली. पाठोपाठ अझरबैजानशी काराबाख प्रदेशावरून युद्ध, विजेची भीषण टंचाई आणि बंद झालेल्या सीमा. तुर्कस्तानची सीमा १९९३ पासून बंद आहे, अझरबैजानचीही बंदच. जॉर्जिया आणि इराण या दोनच बाजू उघड्या राहिल्या. घरात खायचे वांधे असताना अनेकांनी वेली काढून गहू आणि भाजीपाला लावला, यात नवल नाही. पर्यटक ज्याचे छायाचित्र आवडीने काढतात, ती रस्त्याकडेला शीतपेयांच्या प्लास्टिक बाटल्यांत भरून विकली जाणारी आरेनीची घरगुती वाइन हीदेखील त्या पडझडीची खूण आहे.

आज येरेवानच्या सार्यान रस्त्यावरील दुकानांत जी वाइन मांडलेली दिसते, तिचा बहुतांश इतिहास गेल्या पंधरा-वीस वर्षांतला आहे. परदेशांत वाढलेले आर्मेनियन भांडवल आणि तज्ज्ञ घेऊन परतले. इटलीत व्यवसाय केलेल्या झोरिक घारिब्यान यांनी वायोत्स झोरमधील रिंद गावी आरेनीची नवी बाग लावली आणि गावोगावच्या घरांतून जुने रांजण गोळा करून त्यांत वाइन मुरवली. त्यांचे पहिले पीक २०१० चे. या भागातल्या बागा समुद्रसपाटीपासून हजार ते अठराशे मीटर उंचीवर आहेत. दिवसा कडक ऊन आणि रात्री गारवा, त्यामुळे साखर भरते तरी आंबटपणा टिकून राहतो. शिवाय तेथील बऱ्याच वेली आजही कलम न करता स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत, कारण मुळे पोखरणारी फायलोक्सेरा ही कीड तेथे फारशी पोहोचलेली नाही. डॉगरिज जातीच्या खुंटावर, म्हणजे दुसऱ्या वेलीच्या मुळांवर, कलम केल्याशिवाय नवी बाग लावण्याचा विचारही न करणाऱ्या नाशिककरांना याचे अप्रूप वाटावे.

आता लेखातील सूचनेविषयी. येरेवानजवळच्या सखल अरारातच्या मैदानात वर्षाला जेमतेम अडीचशे-तीनशे मिलिमीटर पाऊस पडतो हे खरे, पण तेथील द्राक्ष त्या पावसावर येत नाही. इसवी सनापूर्वी सातव्या शतकातील उरार्तू या प्राचीन राज्याचा राजा दुसरा रुसा याचा शिलालेख येरेवानजवळच्या झ्वार्तनोत्स येथे सापडला. पूर्वी काहीच पिकत नव्हते अशा खोऱ्यात आपण इल्दारुनी, म्हणजे आजच्या ह्राझदान, नदीचा कालवा आणून द्राक्षमळे लावले, असे तो त्यात सांगतो. डोंगरावरचा बर्फ वितळून उन्हाळ्यात नद्यांना पाणी येते, ते कालव्यांनी मैदानात उतरते, आणि त्यावर बाग जगते. आपल्या माण-खटाव किंवा जत भागाच्या डोक्यावर असा बर्फ नाही.

थंडीचा प्रश्न तर आपल्या बागायतदाराला स्वप्नातही पडणार नाही. अरारातच्या मैदानात हिवाळ्यात पारा उणे वीस अंशांच्या खाली जातो, तेव्हा डोळे करपून वेल मरू नये म्हणून शेतकरी शरद ऋतूत वेली जमिनीवर वाकवून मातीखाली झाकतात आणि वसंतात पुन्हा उकरून उभ्या करतात. हा मजुरीचा बोजा दरवर्षीचा. आपल्याकडे वेल कधी झोपतच नाही. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी करून आपण तिच्याकडून वर्षभर काम काढून घेतो. त्यामुळे तेथील वाण, वळण किंवा वेळापत्रक उचलून येथे लावता येणार नाही.

लेखात एक बाजू पूर्णपणे निसटली आहे. नव्या वाइनचा एवढा बोलबाला असला, तरी आर्मेनियात गाळपाला जाणाऱ्या द्राक्षाचा मोठा हिस्सा अजूनही ब्रँडीच्या कारखान्यांकडेच जातो. येरेवानचा जुना कारखाना १९९८ मध्ये पेर्नो रिकार या फ्रेंच कंपनीने विकत घेतला, आणि ब्रँडीचा मुख्य ग्राहक राहिला रशिया. मॉस्कोत मागणी घटली की अरारातच्या मैदानातल्या एकरभर बागेच्या मालकाचे द्राक्ष पडून राहण्याची भीती असते. आपल्या वार्ताहराने पुन्हा तेथे जावे, तेव्हा वायोत्स झोरच्या देखण्या तळघरांबरोबर आर्मावीर आणि अरारात प्रांतांतील या लहान शेतकऱ्यांनाही भेटावे आणि त्यांच्या द्राक्षाचा दर कोण, कधी आणि कशावरून ठरवतो, हे आम्हा वाचकांना कळवावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कृषी अधिकारी,
पिंपळगाव बसवंत, जि. नाशिक