मंत्रिमहोदय, खळ्याच्या फाटकाआत मोडलेला पाय कोणत्या खात्यात बसतो?

प्रति,
मा. परिवहनमंत्री, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

आपला वेळ मोलाचा, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. मी निफाड तालुक्यातला कांदा उत्पादक. गेल्या महिन्यात लिलाव आटोपून व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे त्याच्या कांदा उतरवायच्या आवारात, माल खाली करायला गेलो. आमच्याकडे रीतच ती: बोली बाजार समितीत, वजन भुईकाट्यावर, माल खाली खळ्यावर. ड्रायव्हर काटापावती घेऊन मुनिमाकडे गेला होता, मी टेम्पोच्या केबिनमध्ये बसून होतो. समोरून गोण्यांनी भरलेला ट्रेलर मागे येत होता. पाठीमागे क्लीनर उभा नाही, रिव्हर्सचा भोंगा नाही. एक हमाल लांबूनच ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत होता. ट्रेलर आलाच. डावा दरवाजा डॅशबोर्डसकट माझ्या मांडीवर आला आणि गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली. पाय बाहेर काढायला पहारीनं पत्रा वाकवावा लागला. ज्यानं वाकवला तो बिचारा माझं ओरडणं ऐकून दोनदा थांबला.

नाशिकच्या दवाखान्यात आधी डिपॉझिट मागितलं. मुलानं पेपरात वाचलं होतं, अपघातग्रस्ताला सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार. केंद्राची मे २०२५ ची योजना. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, अपघात रस्त्यावर झाला का? नाही, खळ्यात. मग नाही बसत. योजनेत ‘कोणत्याही रस्त्यावर’ असं लिहिलंय म्हणे. ट्रेलर फाटकातून दहा पावलं बाहेर येऊन मला चिरडता, तर मी सरकारचा पाहुणा झालो असतो!

पोलीस ठाण्यात सांगितलं, ‘खाजगी जागा आहे, आपसात मिटवून घ्या.’ ट्रेलरच्या विम्याचा माणूसही तेच म्हणाला. साहेब, मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातली सार्वजनिक जागेची व्याख्या पडल्या पडल्या वाचली. जिथे जायचा लोकांना हक्क आहे ती जागा, मग ती रहदारीची असो वा नसो. लिलावाची पावती हातात असलेला शेतकरी खळ्यावर जातो तो काय हळदीकुंकवाला? आमच्या टेम्पोच्या विमावाल्यानं तर कहर केला. मालाचा मालक गाडीत असेल तर विमा लागू, ही दुरुस्ती १९९४ ची. तो म्हणतो, कांदा विकला गेला, आता तुम्ही मालक कुठे? पैसे तर हातात पडले नव्हते!

राहता राहिली शेतकरी अपघात योजना. मेलो तर दोन लाख, एक पाय कायमचा गेला तर एक लाख. डॉक्टरांनी पाय वाचवला, तिथंच माझं गणित चुकलं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये नाशिकला मिरची हॉटेलच्या चौकात खाजगी बस पेटून बारा जण गेले, तेव्हा त्याच दिवशी मदत जाहीर झाली. झालीच पाहिजे होती. पण देशात वर्षाला पावणेदोन लाख माणसं रस्त्यावर मरतात असे आकडे आपण सभेत सांगता, त्यात खळी, खडीक्रशर, वीटभट्ट्या, कारखान्यांची आवारं कुठे आहेत? नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत कंपनीच्या आत कंटेनरखाली सापडलेला मजूर कुठल्या रकान्यात जातो? मोजायचंच नाही म्हटल्यावर अपघात कमीच दिसणार.

आता आपण म्हणाल, योजना केंद्राची. मग अंमलबजावणी राज्याच्या रस्ता सुरक्षा परिषदेकडे कशाला दिली? डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी एका रात्रीत आली, तेव्हा केंद्र-राज्य असा खेळ कुणी खेळला नाही. शहरातल्या ताटातला कांदा महाग झाला की दिल्ली जागी होते; तो पिकवणारा कॅबिनेटच्या कुठल्या विषयपत्रिकेवर आहे ते कळवा. सिंहस्थासाठी रस्ते रुंद होतायत, छान आहे. भाविकांनी फक्त फाटकाआत जाऊ नये.

मागण्या थोड्या आहेत. ‘रस्त्यावर’ या शब्दापुढे ‘किंवा वाहनांची ये-जा असलेल्या आवारात’ एवढं घालायला केंद्राला लिहा. तोवर राज्यानं पैसे भरावेत. खळ्यात आणि बाजार आवारात मागे माणूस उभा केल्याशिवाय अवजड गाडी मागे घेऊ देऊ नका. आणि ठाणेदारांना व्याख्येचं ते एक पान पाठवा.

उत्तर जरूर द्या. फक्त ‘आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे’ एवढंच लिहायचं असेल तर तिकीट वाया घालवू नका. ती पत्रं घरात आधीच आहेत, गारपिटीपासूनची.

आपला,
एक कांदा उत्पादक
ता. निफाड, जि. नाशिक