‘ब्रदर’ची ताई

महोदय,

दरवर्षी १२ मे जवळ आला की वर्तमानपत्रांत परिचारिका दिनाचे लेख येतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १८२० साली याच तारखेला झाला, ती माहिती, हातात दिवा घेतलेलं त्यांचं चित्र आणि शेवटी भगिनींच्या सेवाभावाला वंदन. लेख चांगलेच असतात. फक्त आमच्याकडे ते वाचताना माझा धाकटा भाऊ विचारतो, ‘‘ताई, यात मी कुठे आहे बघ बरं.’’ तो गेली नऊ वर्षं नर्स आहे. वॉर्डातले पेशंट त्याला ‘ब्रदर’ म्हणून हाका मारतात आणि मी, त्याची सख्खी बहीण, बरीच वर्षं चारचौघांत त्याचं काम काय ते धड सांगत नव्हते.

ते आधी कबूल करते. त्याने इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडलं, तेही चांगले मार्क पडत असताना, आणि नर्सिंगच्या चार वर्षांच्या पदवीला नाव घातलं. बाबा दोन महिने त्याच्याशी बोलले नाहीत. मी बोलत होते, पण बाहेर सांगताना ‘तो हॉस्पिटलमध्ये असतो’ एवढंच. कुणी ‘अरे वा, डॉक्टर!’ म्हटलं की मी गप्प. एकदा नेमका तो शेजारी उभा होता. ‘‘डॉक्टर नाही, नर्स,’’ असं त्यानेच सांगितलं, कुणी आडनाव चुकवल्यावर आपण दुरुस्त करतो तितक्या साधेपणाने. घरी येताना तो मला काहीही बोलला नाही. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

पुढे आईचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं आणि ती काही आठवडे अंथरुणाला खिळली. तेव्हा त्याचं काम मी पहिल्यांदा जवळून पाहिलं. ती पलंगावर असतानाच तो खालची चादर बदलायचा: तिला अलगद एका कुशीवर घ्यायचं, जुनी चादर पाठीशी गुंडाळत न्यायची, तिच्यामागोमाग नवी. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणून रात्री गजर लावायचा. टाचेवर, कमरेखाली लाली दिसली की बोटाने दाबून पाहायचा. दाबल्यावर रंग फिका झाला तर ठीक, नाही झाला तर बेडसोरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात. गोळी देण्याआधी तो सख्ख्या आईला रोज विचारायचा, ‘‘नाव काय तुमचं?’’ आई वैतागून जन्मतारखेसकट पूर्ण नाव सांगायची. तो म्हणे, पेशंट तोच, औषध तेच, मात्रा, देण्याची पद्धत आणि वेळ, या पाच गोष्टी ओळखीच्या माणसाच्या बाबतीतच सुटतात. जखम एकही झाली नाही. हे बाबांनीही पाहिलं. त्यांनी तोंडाने काही कबूल केलं नाही, पण रात्रीचा गजर ते स्वतः लावू लागले.

मी हिशेबाच्या कामातली, मला आकडे कळतात. डोक्याला मार लागलेल्या पेशंटची शुद्ध मोजायची एक पट्टी आहे, ग्लासगो शहरात १९७४ साली तयार झालेली. मी त्याला विचारलं, ती शून्यापासून का नाही, तीनपासून का सुरू होते? म्हणाला, डोळे, बोलणं आणि हालचाल, तिन्हींना किमान एक-एक गुण मिळतोच. जास्तीत जास्त चार, पाच आणि सहा, म्हणून एकूण पंधरा. मग सहज सांगितल्यासारखं म्हणाला, ‘‘रात्री तीन वाजता चौदाचे बारा झाले, तर ते आधी मलाच दिसतं. मी डॉक्टरांना उठवतो.’’ त्या दिवसापासून मला कुणी ‘डॉक्टर का?’ विचारलं तर मीच सांगते. नको इतकं सांगते, असं तो म्हणतो.

पुरुषांनी हे काम करणं नवं नाही. इंग्लंडमध्ये १९१९ साली परिचर्येच्या नोंदणीचा कायदा झाला, तेव्हा पुरुषांची नावं वेगळ्या पुरवणी नोंदवहीत घातली गेली. मुख्य नोंदवहीत यायला त्यांना १९४९ उजाडावं लागलं. तीस वर्षं पुरवणीत! आपल्या लेखांत तर पुरवणीही नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की येत्या १२ मेच्या अंकात ‘परिचारिका’ या शब्दाशेजारी ‘परिचारक’ हाही शब्द छापावा. जागा कमी पडत असेल तर वंदन थोडं कमी करा. त्याऐवजी रात्रपाळीत एका नर्सकडे किती पेशंट असतात, ते एखाद्या वॉर्डात जाऊन मोजून छापा. भावाला या पत्राबद्दल सांगितलेलं नाही. आज त्याची रात्रपाळी आहे आणि सकाळी घरी आल्यावर झोपायच्या आधी तो पेपर चाळतो.

– एक वाचक