‘कॅन्सर’ म्हटल्यावर पुढचं ऐकू येत नाही

संपादक महोदय,

बायोप्सीचा (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा) रिपोर्ट हल्ली मोबाइलवर आधी येतो, डॉक्टरांची वेळ नंतर मिळते. मधली रात्र घरचे रिपोर्टमधला ‘कार्सिनोमा’ (कॅन्सरचा एक प्रकार) गुगल करण्यात घालवतात. मग ओपीडीत पाच मिनिटांत निदान, केमो आणि खर्च सगळं एकदम! ‘कॅन्सर’ कानावर पडल्यावर पुढचं फारसं डोक्यात शिरत नाही. म्हणून डॉक्टरांनी आधी ‘आतापर्यंत काय कळलंय?’ विचारावं, साध्या दोन वाक्यांत निदान सांगावं आणि गप्प राहावं. ‘काळजी करू नका’ नेमकं इथेच नको. रुग्णाचा प्रश्न घशातच अडकतो. उपचारांचं बोलणं दुसऱ्या भेटीत, कागदावर लिहून.

‘बाबांना सांगू नका’ हा घरच्यांचा आग्रह प्रेमापोटीच असतो. पण वॉर्डाची पाटी बाबाही वाचतात. मग त्यांना मनातलं बोलायला कोणीच उरत नाही.

मनावरचा ताण ० (अजिबात नाही) ते १० (खूप जास्त) मध्ये किती, हे रुग्णाला विचारायला मिनिटही लागत नाही. ४ किंवा जास्त आल्यास कारण विचारावं. परळला कॅन्सरच्या उपचारांसाठी गावाहून आलेल्यांचं उत्तर बहुधा ‘राहायचं कुठे?’ असतं. तिथे गोळी नव्हे, वैद्यकीय समाजसेवक लागतो.

– रुग्ण-समुपदेशक, परळ, मुंबई