गाठ कशी मोजली, हेही छापावे

मा. संपादक,
स. न.

नव्या औषधाने उंदरांमधील कर्करोगाची गाठ निम्म्यावर आणली, अशा बातम्या अधूनमधून वाचनात येतात. पण गाठ मोजली कशी, याबद्दल त्यांत सहसा एक ओळही नसते.

अशा पुष्कळ प्रयोगांत गाठ उंदराच्या कातडीखाली वाढवतात आणि बाहेरून कॅलिपरने, म्हणजे दोन टोकांत वस्तू धरून तिची लांबी-रुंदी मोजणाऱ्या उपकरणाने, मोजतात. लांबीला रुंदीच्या वर्गाने गुणून दोनाने भागायचे, हे घनफळाचे रूढ सूत्र. गाठ लंबगोल असून तिची खोली रुंदीइतकीच आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात ती चपटी वा वेडीवाकडी असू शकते, किंवा तिच्या गाभ्यातील पेशी केव्हाच मेलेल्या असतात. त्यातून रुंदीचा वर्ग होत असल्याने तिथली चूक फार महागात पडते. १२ मिलिमीटर लांब आणि १० मिलिमीटर रुंद गाठीचे घनफळ ६०० घन मिलिमीटर येते. रुंदी चुकून ९ मिलिमीटर धरली की तेच ४८६ होते, म्हणजे औषधाचा थेंबही न देता गाठ जवळजवळ एकपंचमांशाने घटली! मऊ गाठ कॅलिपरखाली चेपते आणि दोन माणसांचा हात सारखाच दाब देत नाही. म्हणून एका प्रयोगातील सर्व मोजमापे शक्यतो एकाच व्यक्तीने घ्यावीत आणि औषध कोणत्या उंदरांना दिले आहे, हे तिला ठाऊक नसावे. या दक्षतेला फारसा खर्चही येत नाही. शरीरात खोलवर असलेल्या गाठींसाठी अल्ट्रासाउंड किंवा एमआरआय वापरावे लागते. मात्र त्यासाठी प्राण्याला वारंवार द्यावी लागणारी भूल हाही त्याच्यावरचा भारच असतो.

गाठ किती वाढू द्यायची, हा प्रश्न मोजमापापासून वेगळा काढता येत नाही. २,००० घन मिलिमीटरची गाठ साधारण दोन ग्रॅम भरते, म्हणजे वीस ग्रॅमच्या उंदराच्या वजनाचा दहावा हिस्सा. साठ किलोच्या माणसाने सहा किलोची गाठ अंगावर वागवण्यासारखेच ते आहे. कातडी फुटून गाठ चिघळली, प्राणी खाईनासा झाला किंवा त्याचे वजन झपाट्याने उतरले, तर ठरलेल्या आकाराची वाट न पाहता त्याला वेदनारहित मरण देणे हे संशोधकाचे कर्तव्य ठरते. पण यामुळे आकडेवारीत एक पेच निर्माण होतो. औषध न दिलेल्या गटातील सर्वांत मोठ्या गाठींचे उंदीर आधी कमी होतात, उरलेल्यांची सरासरी एकाएकी खाली येते आणि आलेख दिशाभूल करू लागतो. म्हणूनच थांबण्याची मर्यादा प्रयोगाआधीच लिहून ठेवणे आणि कमी झालेल्या प्रत्येक प्राण्याचा हिशेब देणे आवश्यक आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आणि २०२० मध्ये सुधारलेल्या, प्राण्यांवरील प्रयोगांचे अहवाल कसे लिहावेत हे सांगणाऱ्या ‘अराइव्ह’ मार्गदर्शक तत्त्वांतही अशा तपशिलांचा आग्रह आहे. रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये प्रयोगांतील प्राण्यांची संख्या व त्यांच्या वेदना कमी करण्याचा विचार मांडला. ढिसाळ मोजमापामुळे प्रयोग पुन्हा करावा लागला, तर ही दोन्ही उद्दिष्टे एकदमच हुकतात.

तेव्हा अशा बातम्या देताना आपल्या प्रतिनिधींनी गाठ कोणी व कशाने मोजली, मोजणाऱ्याला गट माहीत होते का आणि किती प्राणी मुदतीआधीच कमी झाले, एवढे विचारून ते बातमीत नमूद करावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक