ऑपरेशननंतरचे सहा आठवडे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेले काही दिवस आपल्या दैनिकात वैद्यकीय पर्यटनावर बातम्या आणि मुलाखती येत आहेत. श्रीमंत देश म्हातारे होत आहेत, तिथे उपचार महाग आहेत, रांगा लांब आहेत, तेव्हा तिथले ज्येष्ठ आता आपल्याकडे येणार, असा सगळ्यांचा सूर दिसतो. मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा किंवा खुबा बदललेल्या रुग्णांना पुन्हा चालते करणे हे माझे रोजचे काम, आणि त्यांत परदेशातून आलेलेही असतात. संधी आहे याबद्दल मला शंका नाही. पण आपल्याकडे तयारी चालली आहे ती ऑपरेशन विकण्याची. पंच्याहत्तरीच्या माणसाला ऑपरेशनपेक्षाही अवघड जातात त्यानंतरचे पाच-सहा आठवडे, आणि तिथे आपण फार कमी पडतो.

मागणी किती मोठी आहे ते आधी पाहू. जपानमध्ये पासष्टीच्या पुढची माणसे लोकसंख्येच्या सुमारे २९ टक्के आहेत, इटलीत जवळपास २४, जर्मनीत २२ च्या वर. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेची प्रतीक्षा यादी सप्टेंबर २०२३ मध्ये ७७ लाखांच्या वर गेली होती आणि तीत सर्वांत मोठा गट हाडांच्या शस्त्रक्रियांचा आहे. अठरा आठवड्यांत उपचार सुरू करण्याचे तिथले उद्दिष्ट २०१६ पासून गाठलेच गेलेले नाही. ज्याला रात्री कूस बदलताना गुडघ्याची कळ मस्तकात जाते, त्याने दीड वर्ष थांबायचे म्हणजे काय, हे मी रोज ऐकते. खासगीत जावे तर एका गुडघ्याला १५ हजार पौंडांच्या आसपास खर्च येतो. आपल्याकडे चांगल्या रुग्णालयात तेच काम अडीच ते चार लाख रुपयांत होते. अमेरिकेत ज्येष्ठांना मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याचे छत्र आहे, पण त्यात बहुतेक दातांचे उपचार बसत नाहीत, कानाचे यंत्र बसत नाही आणि दीर्घकाळ सांभाळ करणाऱ्या नर्सिंग होमचा खर्चही बसत नाही.

कौशल्याची चिंता करण्याचे कारण नाही. २००० साली अटलबिहारी वाजपेयींचा गुडघा बदलण्यासाठी डॉ. चित्तरंजन राणावत न्यूयॉर्कहून मुंबईला ब्रीच कँडीत आले होते. आज पुण्या-मुंबईत, नाशिकला, कोल्हापुरातही ही शस्त्रक्रिया रोजची झाली आहे. आमचे सर्जन हात राखून काम करत नाहीत, आणि ज्यांच्या थिएटरमध्ये मी उभी राहिले आहे त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

अडचण सुरू होते ती डिस्चार्जच्या दिवशी. परदेशी रुग्णाच्या पॅकेजमध्ये सहसा विमानतळावरून गाडी, तपासण्या, ऑपरेशन आणि चार-पाच रात्री असतात. मग रुग्णाची रवानगी हॉटेलात. लांबच्या विमानप्रवासाला डॉक्टर लगेच परवानगी देत नाहीत, कारण अशा ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो आणि तासन्‌तास अवघडून बसल्याने तो वाढतो. म्हणून तिथेच काही आठवडे काढायचे.

इंग्लंडहून आलेल्या एका आजींकडे मी अशाच एका हॉटेलात जात होते. सोबत यजमान, तेही ऐंशीच्या घरातले. कमोड बुटका, पलंग मऊ, न्हाणीत टबची उंच कड आणि कुठेच धरायला दांडी नाही. मदतीला ब्यूरोकडून आलेली मावशी स्वभावाने अतिशय प्रेमळ. आजींना बरे वाटावे म्हणून तिने रात्रभर त्यांच्या गुडघ्याखाली उशी ठेवली. गुडघा बदललेल्या माणसाला याने क्षणभर आराम मिळतो, पण पाय वाकलेलाच राहतो आणि सरळ होणे अवघड होऊन बसते. उशी ठेवायची ती टाचेखाली. हे त्या मावशीला कोणी सांगितलेलेच नव्हते, कारण आधीच्या आठवड्यापर्यंत ती बाळंतिणीच्या कामावर होती. पुढे पोटरी सुजलेली दिसली तेव्हा रविवार होता. कागदावर दिलेला समन्वयकाचा फोन कोणी उचलेना. गुठळी नव्हती, नशीब. पण ती आहे की नाही हे कळायला जी धावपळ झाली, तीत रुग्णालयाचा, एजंटचा आणि हॉटेलचा, तिघांचाही काही संबंध उरलेला नव्हता. त्या रुग्णालयाच्या जाहिरातीत ऑपरेशन थिएटरचे सुंदर फोटो आहेत. ते खरेही आहेत.

ज्यांना हा व्यवसाय कळला त्यांच्याकडे पाहावे. थायलंडमध्ये चिआंग माईजवळ मार्टिन वूडटली या स्विस मानसोपचार जाणकाराने वीसहून अधिक वर्षांपूर्वी एक छोटे केंद्र उभे केले. अल्झायमर झालेल्या आपल्या आईला त्यांनी तिथे आणले आणि मग त्यातूनच इतर युरोपीय ज्येष्ठांची सोय झाली. एका रुग्णामागे पाळीपाळीने तीन जणी, म्हणजे चोवीस तास कोणीतरी ओळखीचे माणूस जवळ. राहायला गावातलीच साधी घरे. तिथे कुठलेही नवलाईचे यंत्र नाही, तिथे आहे तो माणसांचा सहवास. मेक्सिकोच्या सीमेवरचे लॉस अल्गोदोनेस हे आणखी एक उदाहरण. काही हजार वस्तीच्या या गावात शेकड्यांनी दंतवैद्य आहेत आणि हिवाळ्यात अॅरिझोनात उतरलेले अमेरिकन पेन्शनर चालत सीमा ओलांडून दात करून घ्यायला येतात. मेडिकेअरने सोडलेली नेमकी एक फट त्या गावाने हेरली आणि तेवढीच नीट भरली. आपण मात्र हृदयापासून केसांपर्यंत सगळे विकायला काढले आहे.

मुळात आपल्याकडे येतात कोण? कोविडच्या आधी, २०१९ मध्ये, उपचारांसाठी भारतात आलेल्या परदेशी लोकांची संख्या सुमारे ७ लाख होती. त्यांतले निम्म्याहून अधिक बांगलादेशातले, आणि बाकीच्यांत इराक, येमेन, ओमान, मालदीव अशा देशांतले लोक बरेच. श्रीमंत, म्हाताऱ्या देशांतले लोक त्यांत थोडे. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तापालट झाला, व्हिसा आटले आणि कोलकात्यातल्या रुग्णालयांना त्याची झळ लगेच बसली. तेव्हा 'श्रीमंत देशांतले ज्येष्ठ येत आहेत' हे वाक्य आजचे नाही, ते व्हावे अशी इच्छा आहे. ती पुरी करायची तर सुरुवात कुठून करावी, याचे उत्तर मला आपल्याच घरात दिसते.

१९६५ साली अमेरिकेने इमिग्रेशनचा कायदा बदलला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्रातून इंजिनिअर आणि डॉक्टर तिकडे गेले, ब्रिटनमध्येही त्यांच्या आरोग्यसेवेत कितीतरी मराठी डॉक्टर गेले. ती पिढी आज पंच्याहत्तरी ओलांडून पंच्याऐंशीकडे चालली आहे. मुले दुसऱ्या राज्यात, दोघांपैकी एक जण गेलेला, बर्फात गाडी चालवण्याची हिंमत संपलेली. अमेरिकेत नर्सिंग होममध्ये स्वतंत्र खोली घ्यायची तर वर्षाला एक लाख डॉलरच्या वर जातात आणि मेडिकेअर ते देत नाही. त्यात स्मृतिभ्रंश झालेला माणूस मागून शिकलेली भाषा विसरत जातो आणि आईच्या भाषेवर येतो. चाळीस वर्षे इंग्रजीत व्यवहार केलेले काका नर्सला मराठीत पाणी मागतात आणि तिला कळत नाही. अशा घरांतून माझ्याकडे फोन येतात. "बाबांना तिकडे चांगल्या ठिकाणी ठेवता येईल का?" मुलीच्या आवाजात अपराधीपणा असतो आणि मी तिला नाव सांगू शकत नाही, कारण मी स्वतः जाऊन पाहिलेल्या जागांपैकी निश्चिंतपणे सांगाव्यात अशा दोन-चारच आहेत, आणि त्यांच्याकडे जागा नसते. या लोकांना व्हिसाचा प्रश्न नाही, बहुतेकांकडे ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचे, कार्ड आहे. त्यांना वरण-भात आवडतो, त्यांचे भाऊबंद इथे आहेत. त्यांच्या गरजेपुरती व्यवस्था आपण नीट उभी केली तर पुढे लीड्स किंवा ओसाकाचा रुग्णही विश्वासाने येईल.

व्यवस्था म्हणजे काय, तर पहिल्यांदा माणसे. आज रुग्णालयाची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली होते. माझ्यासारख्यांसाठी राज्याची परिषद आहे, तिथे माझे नाव आहे, मी चुकले तर कुणाकडे तक्रार करायची ते रुग्णाला ठाऊक आहे. पण रात्री रुग्णाजवळ बसणाऱ्या मावशीची कुठेच नोंद नाही. बहुतेक ब्यूरो दुकानाच्या लायसन्सवर चालतात. बारा तासांची ड्यूटी, कमिशन कापून हातात येणारे थोडके पैसे, ना सुट्टी ना विमा. जनरल ड्यूटी असिस्टंटचा कोर्स आहे, पण तो केलेल्या मुलीला आणि न केलेल्या मुलीला ब्यूरो सारखाच पगार देतो, मग कोर्स करील कोण? त्यात २०२४ मध्ये आपल्या राज्याने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आहे, त्यात नर्सिंगच्या मुलीही आहेत. त्या जाव्यात, त्यांचे भले व्हावे. पण तिथले म्हातारे इथे आणायचे आणि त्यांना सांभाळणारे हात तिथे पाठवायचे, या दोन योजना एकमेकींशी कोणी ताडून पाहिल्या आहेत का? इथे त्या कामाला मान आणि बरा पगार मिळाला तर सगळ्याच मुली घर सोडणार नाहीत.

दुसरी गोष्ट जागेची. हॉटेल आणि रुग्णालय यांच्यामधली एक पायरी हवी: रुंद दारे, उंच कमोड, भिंतीला दांड्या, सरावासाठी चार पायऱ्यांचा जिना, रात्रपाळीची नर्स आणि ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांशी थेट संपर्क. यासाठी कोट्यवधींची यंत्रे लागत नाहीत. ई-मेडिकल व्हिसा ६० दिवसांचा असतो आणि सोबत दोघांना येता येते, म्हणजे गुडघ्याच्या रुग्णाला पुरेसा वेळ मिळतो. तो वेळ हॉटेलच्या खोलीत टीव्ही पाहत जातो, एवढेच.

जंतुसंसर्गाचे आकडेही रुग्णालयांनी खुले करावेत. २००९ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमधल्या एका विकराला (एन्झाइमला) नवी दिल्लीचे नाव चिकटले, कारण तो आधी भारतात उपचार घेतलेल्या एका स्वीडिश रुग्णात सापडला होता. त्या नावावरून आपण रागावलो. त्यापेक्षा आकडे दाखवणे बरे. वयस्क रुग्णाच्या मुलांना तेच पाहायचे असते.

शेवटी आपल्याच ज्येष्ठांविषयी. वाचकांच्या मनात येईल की परदेशी रुग्णांनी खाटा अडवल्या तर आमच्या आई-वडिलांनी जायचे कुठे. ही भीती रास्त आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे १० कोटींवर लोक होते आणि २०५० पर्यंत ते ३५ कोटींच्या आसपास जातील असा अंदाज आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. परदेशी रुग्णांसाठी अशी मधल्या मुक्कामाची केंद्रे निघतील तेव्हा त्यांनाही हाच नियम लावावा: पाच खोल्यांमागे एक खोली इथल्या ज्येष्ठासाठी. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात १९७६ पासून पैसे देणाऱ्यांच्या शुल्कातून न देणाऱ्यांचे मोतीबिंदू काढले जात आहेत, आणि दोघांना सर्जन तेच. त्यामुळे असे जमत नाही, हे कोणी मला सांगू नये. साताऱ्याच्या शेतकऱ्याच्या बायकोलाही गुडघा बदलल्यावर उशी टाचेखालीच हवी असते.

केंद्राच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात खासगी क्षेत्राच्या भागीदारीतून वैद्यकीय पर्यटनाला चालना देण्याची आणि व्हिसाचे नियम सोपे करण्याची घोषणा झाली. राज्य सरकारही आपली योजना आखेल. तेव्हा आपल्या वार्ताहरांना माझी विनंती आहे की पुढच्या मुलाखतीत रुग्णालयांच्या संचालकांना एवढे जरूर विचारावे: पाचव्या दिवसानंतर तुमचा रुग्ण कुठे राहतो, रात्री त्याच्याजवळ कोण असते, त्या व्यक्तीला तुम्ही काय शिकवले आहे आणि तिला महिन्याला किती पैसे मिळतात.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट,
पुणे