मोठ्या संख्यांचा क्रम लावायला देशांचे क्षेत्रफळ घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोठ्या संख्यांचा चढता-उतरता क्रम शिकवायला देशांच्या क्षेत्रफळाचे तक्ते उत्तम. मात्र छापील तक्ता तसाच फळ्यावर उतरवू नये. त्यात 1,70,98,246 चौ. किमीचा रशिया आणि 99,84,670 चौ. किमीचा कॅनडा डावीकडून एका रेषेत आले, की मुले पहिला अंक बघतात आणि 9 मोठा म्हणून कॅनडाला वर बसवतात. यात दोष मांडणीचा आहे, मुलांचा नाही!

चौकटीच्या वहीत एका चौकोनात एकच अंक, एककाखाली एकक, असे उजवीकडून लिहून घ्यावे. रशियाचा 1 हा अंक कोटीच्या घरात एकटाच उरतो आणि प्रश्न तिथेच मिटतो.

अंकांची संख्या सारखी असेल तर खरी कसोटी लागते. अर्जेंटिना 27,80,400 आणि कझाकस्तान 27,24,900. दशलक्ष, लक्ष सारखे; दशहजारच्या घरात 8 आणि 2. निकाल इथेच लागला, पुढे बघायचे नाही. पण बरीच मुले शेवटचे 900 आणि 400 बघून गोंधळतात. म्हणून पहिला वेगळा अंक सापडताच त्याला गोल करायला सांगावे.

परदेशी तक्त्यांत स्वल्पविराम दर तीन अंकांनी असतात (17,098,246); ते आधी काढून आपल्या पद्धतीने द्यावेत. चौरस मैलांचे आकडेही मिसळू देऊ नयेत. सुरुवातीला सहाच देश पुरेत, प्रत्येकाची वेगळी चिठ्ठी करून. चूक झाली तर चिठ्ठी सरकवता येते, खाडाखोड होत नाही.

आपला,
एक गणित शिक्षक