बारसं पुढे ढकलूया

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, बारशाचा मुहूर्त तुम्ही परस्पर काढून मोकळे झालात! दिवस भरण्याआधीच जन्मलेल्या बाळाला आत्ता गावी आणणार नाही. फोनवर वाद होतो, म्हणून लिहितेय.

दोन किलोची झाली म्हणजे सुटलो, असं नाही. जन्मली तेव्हा ११८० ग्रॅम होती. दीड किलोच्या आतल्या बाळाची आतली कामं अर्धवट राहिलेली असतात. फुप्फुसं मिटू नयेत म्हणून सर्फॅक्टंट नावाचं औषध नळीतून द्यावं लागलं. मधेच श्वास घ्यायचं विसरायची, म्हणून कॅफीन (हो आई, कॉफीतलंच). आतडं इतकं कच्चं की पावडरच्या दुधाने सुजून सडायचा धोका वाढतो. मला दूध येईपर्यंत दूधपेढीचं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं, दिलं. अशी आशियातली पहिली पेढी १९८९ मध्ये आपल्या सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आतडं असं नाजूक, तेव्हा गुटी आणि मध डब्यात भरू नकोस.

राहता राहिले डोळे. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या आईच्या पोटात अगदी शेवटपर्यंत वाढत असतात. हिच्या बाहेर वाढतायत. त्यात ऑक्सिजन दिलेला. त्या भलत्याच वाढल्या तर पडदा सुटतो, दृष्टी कायमची जाते. बाहेरून काहीच कळत नाही. ‘टुकूटुकू बघते की’ म्हणालीस ना, त्यावर जाऊ नकोस. पहिल्या महिन्यातच तपासणी सुरू झाली, आणि वाढ पूर्ण होईपर्यंत डॉक्टर बोलावतील तेव्हा जायचं. लेसर लागलाच तर दोन-तीन दिवसांत व्हावा लागतो. तुमचा मुहूर्त नेमका पुढच्या तपासणीच्या दिवशी येतोय.

‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही’ हे कुणापुढे बोलू नकोस गं. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा जगण्याची शक्यता वाढवतो. आणि मान कधी धरणार, हे जन्मतारखेवरून मोजू नका. डॉक्टरांनी बाळंतपणाची जी तारीख दिली होती, तिच्यापासून मोजा. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच.

बारसं डोळ्यांचे डॉक्टर ‘झालं’ म्हणाले की करू, घरचेच. तोवर तुम्हीच या. बाबा, पुढून बटणांचा सैल सदरा आणा. उघड्या छातीशी धरून बसायचं असतं, कांगारूसारखं, आणि ते आजोबांनाही जमतं. खोकला पूर्ण गेला असेल तरच निघा. आई, डिंकाच्या लाडवांत गूळ बेतानेच घाल.

तुमची,
माई